पक्ष, साध्य आणि हिंट

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, बाहेर आपल्या पिट्सबर्गचा ठरलेला पाऊस. डायनिंग टेबलावर एका बाजूला माझा ऑफिसचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला नववीतल्या लेकीचं क्रोमबुक आणि मध्ये पोह्यांच्या रिकाम्या बश्या. आदल्याच आठवड्यात भारतातून आलेले माझे सासरे, अप्पा, जेट लॅगवर चौथा चहा हा उपाय करून बघत होते. लेकीला शाळेने भूमितीच्या सिद्धता करायला दिल्या होत्या. त्याही कागदावर नाही, एका सॉफ्टवेअरमध्ये. पडद्यावर चौकोन अबकड. अब आणि डक या बाजू समांतर आहेत आणि समान लांबीच्या आहेत, हे दिलेलं. अड आणि बक याही समांतर आहेत, हे सिद्ध करायचं.

मंडळी, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सांगलीच्या मराठी शाळेत बेंचवर बसून 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' असे तीन मथळे अधोरेखित केलेला मी माणूस. कर्ण अक काढायचा, व्युत्क्रम कोन समान, अक ही सामाईक बाजू, बाकोबा कसोटीने त्रिकोण एकरूप, संपलं! (बाकोबा म्हणजे बाजू-कोन-बाजू. इथे वाढलेल्या मुलांना हा शब्द एकदा ऐकवून बघा, भाजीचं नाव वाटतं.) मी खुर्ची सरकवून तिच्या शेजारी गेलो. "बाबा, प्लीज, मला करू दे," ती म्हणाली. मी हाताची घडी घालून बसलो.

ती अर्धा मिनिट चित्राकडे बघत राहिली आणि तिने हिंटचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, कोणते दोन त्रिकोण एकरूप दिसतात? तिने पुन्हा दाबलं. समांतर रेषांना छेदिका छेदते तेव्हा कोणते कोन समान असतात ते आठव, असं उत्तर आलं. तिने तिसऱ्यांदा दाबलं. आता त्याने सरळच सांगून टाकलं की कोन बअक आणि कोन डकअ समान आहेत, कारण ते व्युत्क्रम कोन आहेत, हे रकान्यात भर. तिने भरलं. हिरवी खूण आली.

"ही कॉपी झाली," मी म्हणालो. "यात तू काय केलंस?"

"हिंटचं बटण शाळेनेच दिलंय. मग कॉपी कशी?"

"शेवटची हिंट म्हणजे उत्तरच की!"

त्यावर ती जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. "बाबा, तुला काही विचारलं की तू आधी मोठ्ठा उसासा टाकतोस. हे टाकत नाही." आणि क्रोमबुक मिटून ती वर निघून गेली. अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उसासा मात्र टाकतोस हं तू."

आमच्या घरी त्या शनिवार-रविवारी फारसं कोणी कोणाशी बोललं नाही. मी मात्र, धंदा आयटी कन्सल्टिंगचा असल्यामुळे, आधी त्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलो. लेक चुकली का मी चुकलो हे ठरवण्यापेक्षा सॉफ्टवेअरची कुंडली काढणं सोपं.

कुंडली निघाली ती आपल्याच गावात. ज्या फोर्ब्ज अव्हेन्यूवरून आपण गाडी लावायला जागा शोधत फिरतो, तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात. यंत्राने सिद्धता करण्याचं वेडही याच गावात रुजलं. १९५६ साली हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूएल यांनी क्लिफ शॉ यांच्यासह तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम चालवून दाखवला, आणि १९५९ मध्ये आयबीएमच्या हर्बर्ट गेलर्न्टर यांनी खास भूमितीसाठी तसाच एक. पण ती यंत्रं स्वतः गणितं सोडवणारी होती, मुलांना शिकवणारी नव्हेत. शिकवण्याचं काम जॉन अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने अंगावर घेतलं. माणूस कौशल्य शिकतो म्हणजे शेकडो छोटेछोटे 'असं असेल तर तसं कर' असे नियम अंगी बाणवतो, असा त्यांचा सिद्धांत. उदाहरणार्थ, दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे असतील आणि त्यांना एक बाजू सामाईक असेल, तर ती स्वतःशीच समान आहे अशी नोंद कर. असे नियम संगणकात भरले, मुलगा टाकेल ती प्रत्येक पायरी त्यांच्याशी ताडून पाहिली आणि मुलं नेहमी करतात त्या चुकांचेही नियम सोबत भरले, तर मुलाच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज यंत्राला बांधता येईल. १९८५ साली अँडरसन, बॉइल आणि योस्ट यांनी असा 'जॉमेट्री ट्यूटर' मांडला. पडद्याच्या तळाशी पक्ष, माथ्यावर साध्य. मुलांनी खालून वर किंवा वरून खाली येत मधलं जाळं विणायचं. पाऊल चुकलं की यंत्र लगेच टोकणार. पुढे याच घराण्यातून १९९८ मध्ये कार्नेगी लर्निंग ही कंपनी निघाली आणि अमेरिकेतल्या असंख्य शाळांत हा पंथ पसरला.

आता माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने बघाल तर यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. आम्ही क्लायंटला हेच सांगून पैसे घेतो, की बग जितक्या लवकर सापडेल तितका तो स्वस्त. मग टेबलापाशी माझं पोट का दुखलं?

त्याचं कारण सांगलीत आहे. आमचे भूमितीचे सर याच्या नेमकं उलट करत. मुलाला फळ्यापाशी बोलवायचे, हातात खडू द्यायचे आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. मुलाने दुसऱ्याच ओळीत चूक केली तरी सर बोलत नसत. त्याला तसंच पुढे जाऊ देत, आठ-दहा ओळी, सगळा फळा भरेपर्यंत. शेवटी तो कुठेतरी अडायचा किंवा गाडी भलत्याच गावाला पोचायची. मग सर म्हणायचे, "आता मागं जा." मुलगा खालून वर एकेक ओळ तपासत जायचा आणि बऱ्याचदा स्वतःच त्या दुसऱ्या ओळीपाशी थांबायचा. ते थांबणं मी पाहिलेलं आहे, दोनदा अनुभवलेलं आहे. आपली चूक आपल्याला सापडते तेव्हा पोटात काहीतरी हलतं. हिरव्या-लाल खुणांना ते जमेल असं मला वाटत नाही.

पण आठवणी काढायच्या तर पुऱ्या काढाव्यात. माझ्या बेंचवरचा एक मुलगा असाच फळ्यापाशी गेला आणि जे सिद्ध करायचं तेच त्याने तिसऱ्या ओळीत गृहीत धरलं. सगळा फळा भरल्यावर ते उघडकीला आलं तेव्हा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. सर रागावले नाहीत, पण त्यांनी हसणाऱ्यांना थांबवलंही नाही. तो मुलगा पुन्हा कधी आपणहून फळ्यापाशी गेला नाही. दहावीनंतर त्याने कॉमर्स घेतलं. कॉमर्स घेणं काही वाईट नाही, माझा धाकटा भाऊ सीए आहे. पण त्याने ते हिशेबाच्या ओढीने घेतलं नव्हतं, फळ्याला पाठ दाखवायला घेतलं होतं.

दुसरी कबुली माझी. फळ्यावरची ती दोन गणितं सोडली तर मी भूमिती पाठ केली. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि पहाटेचा गजर. १९९७ च्या दहावीच्या परीक्षेत आलेलं प्रमेय मी घडाघडा उतरवलं. आकृतीला प्रश्नपत्रिकेत कोणती अक्षरं दिली होती हेही मी पाहिलं नाही. पाठ केलेली आकृती काढली, पाठ केलेली अक्षरं घातली. भूमितीत पंचाहत्तरपैकी त्र्याहत्तर. तेव्हा कॉपी कोणाला म्हणावं याबद्दल लेकीला ऐकवायचा माझा अधिकार तपासून घ्यायला हवा, हे त्या रविवारी रात्री भांडी डिशवॉशरमध्ये लावताना माझ्या लक्षात आलं.

या गावातल्या ट्यूटरबद्दलचं जे काही वाचलं त्यात मला सर्वात अस्वस्थ करून गेलं ते संशोधन संगणकवाल्यांचं नव्हतं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या जॅनेट शोफिल्ड या समाजमानसशास्त्राच्या प्राध्यापिका. जॉमेट्री ट्यूटर ऐंशीच्या दशकात इथल्या एका शहरी हायस्कूलमध्ये आला तेव्हा त्या वर्गात बसून नोंदी घेत होत्या. मुलांनी त्यांना सांगितलं की शिक्षकांची मदत यंत्राच्या मदतीपेक्षा चांगली असते. आणि त्याच मुलांना ट्यूटर असलेला वर्ग जास्त आवडत होता. मला हे वाचून आधी हसू आलं, मग ते ओसरलं. कारण शोफिल्डबाईंनी हेही टिपलं आहे की यंत्र आल्यावर शिक्षक फळ्यापासून सुटले, कच्च्या मुलांशेजारी जाऊन बसायला लागले आणि मदत मागणं खाजगी झालं. सगळ्या वर्गासमोर 'मला येत नाही' असं म्हणावं लागत नव्हतं. सांगलीच्या माझ्या मित्राला असा एक पडदा मिळाला असता तर? मोठ्ठा उसासा टाकणारा बाप आणि खो खो हसणारा वर्ग यांत फरक फक्त आवाजाचा आहे.

ताबडतोब चूक दाखवल्याने मूल परावलंबी होतं, हे माझं लाडकं मत. पण लिस्प ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या एका ट्यूटरवर अल्बर्ट कॉर्बेट आणि अँडरसन यांनी हे तपासून पाहिलं. लगेच टोकलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास लवकर संपला आणि नंतरच्या परीक्षेत ते मागे पडले नाहीत. माझ्या मताला हे सोयीचं नाही, तरी इथे लिहून ठेवतो. परीक्षेतल्या गुणांनी पोटात हलणारं ते काहीतरी मोजता येतं का, हा प्रश्न माझ्यापुरता उरतोच.

आता हिंटकडे वळतो. मुलं पटापट बटण दाबून शेवटच्या हिंटपर्यंत पोचतात हे या मंडळींच्या नजरेतून सुटलेलं नाही. रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याला 'गेमिंग द सिस्टिम' असं नाव दिलं आणि दाखवलं की असं करणारी मुलं इतरांपेक्षा कमी शिकतात. हे वाचताना मी जवळजवळ लेकीला हाक मारणार होतो, की ये, वाच! पण पुढे २००८ चं बेंजामिन शी, केनेथ कोडिंगर आणि रिचर्ड शाइन्स यांचं काम सापडलं आणि हाक घशातच राहिली. त्यांनी शेवटची हिंट पाहिल्यानंतर मूल किती वेळ थांबतं याचा विचार केला. काही मुलं उत्तर उतरवून लगेच पुढे पळतात. काही मुलं उत्तर बघून थांबतात, हे असं का, याचा विचार करतात, म्हणजे त्या हिंटला सोडवून दाखवलेलं उदाहरण मानतात. अशी मुलं शिकतात. बटण तेच, उत्तर तेच, हिरवी खूणही तीच. फरक आहे तो नंतरच्या काही सेकंदांत.

त्या शनिवारी हिरवी खूण आल्यानंतर माझी लेक काय करत होती? मी बघितलंच नव्हतं. हिरवी खूण दिसताक्षणी मी बोलायला लागलो होतो.

अप्पा संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. सोमवारी संध्याकाळी फिरायला गेलो असताना मी त्यांना ही सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, "तुमच्या भूमितीच्या पुस्तकातले पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायशास्त्रातले. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू." शाळेत आम्ही पक्ष म्हणजे 'दिलेलं' एवढंच शिकलो होतो. माझ्या बेंचवरच्या मित्राने केलेल्या चुकीलाही म्हणे तिथे नाव आहे, 'साध्यसम'. जो हेतू साध्याइतकाच सिद्ध व्हायचा राहिला आहे, असा हेत्वाभास. न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास सांगितलेत, त्यांतला हा एक. दोन हजार वर्षांच्या आसपास लोक ही चूक करत आले आहेत हे त्या मुलाला कोणी तेव्हा सांगायला हवं होतं.

पण माझ्या प्रश्नाला भिडलं ते पुढचं. अनुमान दोन प्रकारचं, अप्पा म्हणाले. स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. इथे स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे. धूर बघून अग्नी असल्याचं स्वतःला कळणं ते स्वार्थानुमान. तेच दुसऱ्याला पटावं म्हणून प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच अवयवांत मांडून दाखवणं ते परार्थानुमान. मी रस्त्यातच थांबलो. शाळेची परीक्षा असो, सॉफ्टवेअर असो, ते तपासतात ते परार्थ. रकाने बरोबर भरले की पास. स्वार्थ झाला की नाही हे त्यांना कसं कळणार? फार तर सेकंद मोजता येतील. मी दहावीत जे केलं ते नुसतं परार्थ होतं, आतमध्ये काही नव्हतं. आणि लेकीने उत्तर आधी बघितलं, म्हणजे परार्थ उसनं घेतलं, पण नंतर तिला आतून कळलं असेल तर?

इथे हा लेख संपवता आला असता. कळलं की झालं, उत्तर कुठून का आलेलं असेना. पण हा निष्कर्ष मला फार सोयीचा आहे, आणि का सोयीचा आहे ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

२००४ साली मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मास्टर्स करायला आलो. आम्हा देशी मुलांत एक फोल्डर फिरायचं. आधीच्या वर्षीच्या सिनियर्सच्या गृहपाठांची उत्तरं. अल्गोरिदम्सच्या कोर्सला एक सिद्धता करायला दिली होती. एकच हॉल आहे, कार्यक्रमांच्या वेळा ठरलेल्या आहेत, जास्तीत जास्त कार्यक्रम बसवायचे आहेत (आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला हा प्रश्न ओळखीचा वाटेल). सर्वात आधी संपणारा कार्यक्रम दर वेळी निवडत गेलं तर उत्तर सर्वोत्तम येतं, हे सिद्ध करा. मला सुचेना. माझ्या रूममेटलाही सुचेना. रात्री दोन वाजता आम्ही फोल्डर उघडलं आणि दोघांनी ती सिद्धता उतरवून घेतली. तो झोपला. मला झोप येईना म्हणून मी ती वाचत बसलो. तिसरी ओळ अशी होती, की कुठल्याही सर्वोत्तम वेळापत्रकातला पहिला कार्यक्रम काढून त्या जागी सर्वात आधी संपणारा कार्यक्रम ठेवला तरी काही बिघडत नाही. का बिघडत नाही? पहाटे चारच्या सुमारास लख्ख दिसलं. तो सर्वात आधी संपतो, म्हणजे काढलेल्या कार्यक्रमापेक्षा उशिरा नक्की संपत नाही, त्यामुळे मागच्या कोणालाच धक्का लागत नाही. पोटात ते सांगलीचं काहीतरी हललं. तोपर्यंतच्या दोन वर्षांत मला झालेला तो सर्वात मोठा आनंद होता, आणि तो चोरीच्या मालातून आला होता.

आठवड्याने प्रोफेसरांनी आम्हाला एकेकट्याला बोलावलं. आमच्या दोघांच्या सिद्धता शब्दाला शब्द सारख्या होत्या. मला विचारलं, "तिसरी ओळ समजावून सांगा." मी सांगितली, उदाहरण देऊन सांगितली. ते खूश झाले. रूममेटला तीच ओळ विचारली. त्याला सांगता आली नाही. साहजिकच कोणी कोणाचं उतरवलं याचा निकाल लागला. त्याला कोर्समध्ये नापास केलं, त्याची असिस्टंटशिप गेली. त्याच्या वडिलांनी राहत्या घरावर कर्ज काढून त्याला पाठवलं होतं. एक जास्तीचं सेमिस्टर त्याने कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. त्याने फोल्डरचं नाव घेतलं नाही, माझंही घेतलं नाही. आणि मीही नाही.

मला कळलं होतं, त्याला नव्हतं. हा फरक खरा आहे. पण प्रोफेसरांच्या खोलीत मी ते कळणं साक्षीदार म्हणून उभं केलं, आणि त्या साक्षीदाराने खरं बोलून खोटं सिद्ध केलं. मला समजलं म्हणजे ते माझं, असं मी त्यांना मानू दिलं. तेव्हा लेकीच्या बटणात आणि माझ्या फोल्डरमध्ये फरक काय, हे मला आता सांगता येतं. तिने कोणाला फसवलं नव्हतं. बटण उघड होतं, तिने किती वेळा दाबलं याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये होती, तिच्या शिक्षकांना ती दिसत होती, शेजारी बाप बसला होता. तिच्या हातून झालंच असेल तर स्वतःचं थोडं नुकसान. माझ्या हातून दुसऱ्याचं झालं. दोन्हींना मी एकच शब्द वापरला, कारण हिरवी खूण बघताना मला पडदा दिसत नव्हता, फोल्डर दिसत होतं.

यावर कोणी म्हणेल की हिंटचं काय घेऊन बसलात, आता तर गणिताचा फोटो काढला की आख्खी सिद्धता हातात येते. खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुगल डीपमाइंडच्या अल्फाजॉमेट्रीने आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या भूमितीच्या तीसपैकी पंचवीस प्रश्नांच्या सिद्धता दिलेल्या वेळेत करून दाखवल्या, आणि तेव्हापासून या विषयावरच्या बातम्या वाचायला वेळ पुरत नाही. पण मला आता ती जुनी, टोकणारी, हिंट पुरवून पुरवून देणारी यंत्रं जास्त सभ्य वाटायला लागली आहेत. निदान त्यांना माहीत होतं की मुलाला उत्तर नको आहे, मागत असलं तरी. पहिली हिंट प्रश्नच विचारते. आमचे सर खिडकीपाशी उभे राहायचे ते यासाठीच. फक्त यंत्राला खिडकीपाशी उभं राहून वाट बघता येत नाही. आणि मला येते का? उसासा म्हणजे तरी दुसरं काय, वाट बघता न येणं.

मंगळवारी रात्री मी लेकीच्या खोलीत गेलो आणि तिला रूममेटची गोष्ट सांगितली, सगळी. ती पलंगावर मांडी घालून ऐकत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, इट्स ओके बाबा. तसं काही ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "मग तू नंतर तरी प्रोफेसरांना सांगितलंस का?"

"नाही."

"आणि त्याला सॉरी म्हणालास?"

दर दिवाळीला आम्ही एकमेकांना व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवतो. तो आता पुण्यात असतो, स्वतःची कंपनी आहे, वडिलांचं कर्ज केव्हाच फिटलं. वीस वर्षांत तो विषय निघाला नव्हता. "नाही," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने क्रोमबुक माझ्याकडे वळवलं आणि चौकोन अबकडची सिद्धता मला पहिल्या ओळीपासून समजावून सांगितली. कर्ण का काढायचा हेसुद्धा. मी मध्ये बोललो नाही. एकदा उसासा आला होता, तो खोकल्यात बदलला.

स्मरणिकेच्या संपादकांकडे द्यायच्या आधी हा लेख मी पुण्याला पाठवला. सोबत दोन ओळी लिहिल्या, ज्या तेव्हाच लिहायला हव्या होत्या. दोन निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर यायला चार दिवस लागले.

"छाप बिनधास्त. नाव घातलंस तरी चालेल. फक्त ती तिसरी ओळ मला अजून कळलेली नाही, एकदा फोनवर नीट सांग."

येत्या रविवारी, भारतातल्या रात्री नऊला, फोन करायचं ठरलं आहे.